वेल्डची डीपी टेस्ट: पहिल्यांदा हातात कॅन घेणाऱ्यांसाठी

फॅब्रिकेशन शॉपमध्ये क्वालिटीला नवीन मुलगा किंवा मुलगी लागली की पहिल्याच आठवड्यात हातात तीन स्प्रे कॅन येतात: क्लीनर, पेनिट्रंट आणि डेव्हलपर. अल्ट्रासोनिकला मशीन लागतं, रेडिओग्राफीला परवाना लागतो, डीपीला (डाय पेनिट्रंट, म्हणजे रंगीत द्रवाने तडे शोधणं) म्हणे काहीच लागत नाही. लाल मारा, पुसा, पांढरं मारा, बघा. सोपी आहे म्हणूनच ती घाईघाईत उरकली जाते. रिपोर्टवर 'नो रिलेव्हंट इंडिकेशन' (विचारात घेण्याजोगी खूण नाही) लिहिलेलं असतं आणि हायड्रो टेस्टला, म्हणजे पाणी भरून दाब देताना, त्याच वेल्डमधून पाणी झिरपत असतं.

एनडीटीच्या (नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग, म्हणजे जॉब न तोडता तपासणं) सगळ्या पद्धतींची ओळख एका लेखात करून देण्यात फारसा अर्थ नाही. त्यापेक्षा एक जॉब धरू: स्टेनलेस स्टील ३०४ च्या टाकीवर बसवलेल्या नोझलचा (पाइप जोडायच्या तोंडाचा) वेल्ड. आणि एक पद्धत धरू: लाल रंगाचा पेनिट्रंट, सॉल्व्हंटने पुसायचा. भोसरी-चाकणपासून बुटीबोरीपर्यंत लहानमोठ्या शॉपमध्ये सर्रास चालते ती हीच.

डीपी इथे चालेल का?

डीपी फक्त पृष्ठभागावर तोंड उघडं असलेला दोष दाखवते. रंगीत द्रव बारीक फटीत केशाकर्षणाने शिरतो, वरचा रंग पुसला की फटीतला तेवढा उरतो, आणि वर पांढऱ्या पावडरीचा थर दिला की ती पावडर त्याला बाहेर ओढते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये लोखंडी भाग रॉकेल घालून पातळ केलेल्या तेलात बुडवून ठेवत, पुसत आणि वर खडूच्या पावडरीचा लेप देत. तड्यात मुरलेलं तेल खडूवर डाग पाडायचं. आपल्या कॅनमध्ये आजही तेच तत्त्व आहे, फक्त तेलाच्या जागी लाल रंग आला.

त्यामुळे मिलिमीटरभर खाली बंद असलेली पोरोसिटी (वायूची बारीक छिद्रं) किंवा जाड वेल्डच्या पोटात राहिलेलं लॅक ऑफ फ्यूजन (धातू नीट न जुळणं) डीपीला कळणार नाही. त्यासाठी अल्ट्रासोनिक किंवा रेडिओग्राफी. जॉब कार्बन स्टीलचा असेल तर मॅग्नेटिक पार्टिकल (जॉब चुंबकीय करून वर लोखंडी भुकटी टाकायची पद्धत) आधी विचारात घ्या. ती पृष्ठभागालगतचे, तोंड बंद असलेले दोषही काही प्रमाणात पकडते आणि कामही लवकर होतं. ३०४ ला चुंबक लागत नाही, म्हणून इथे डीपी. आणि मूळ धातूच सच्छिद्र असेल तर डीपीचा नाद सोडा, सगळा पृष्ठभागच गुलाबी होईल.

एक गोष्ट आधीच विचारून घ्या. हा जॉब पुढे फ्लुरोसंट (अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली चमकणाऱ्या) पेनिट्रंटने तपासला जाणार आहे का? असेल तर लाल कॅनला हात लावू नका. लाल रंगाचा फटीत राहिलेला अंश फ्लुरोसंट द्रवाची चमक मारून टाकतो. एएसएमई (अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्स) कोडच्या सेक्शन ५ मध्ये लाल रंगानंतर फ्लुरोसंट तपासणी करायला सरळ मनाई आहे.

साफसफाई: टेस्टचा निम्मा भाग

रंग आत जायचा तर फटीचं तोंड मोकळं हवं. हे वाचायला सोपं वाटतं, शॉपमध्ये मात्र बहुतेक गडबड इथेच होते.

स्लॅग (वेल्डवरची खपली) आणि स्पॅटर (उडालेले धातूचे थेंब) चिपिंग हॅमरने काढा, मग वायर ब्रश मारा. स्टेनलेसला ब्रशही स्टेनलेसचाच. कार्बन स्टीलचा ब्रश फिरवलात तर लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि पुढे तिथेच गंज धरतो. ग्राइंडर जपून वापरा. बोथट डिस्क दाबून फिरवली की वरचा धातू लोळला जातो आणि बारीक तड्याच्या तोंडावर सरकतो. शॉट ब्लास्टिंगचंही तेच: पृष्ठभाग दिसतो छान, पण छर्‍यांनी ठोकून ठोकून तड्यांची तोंडं बंद झालेली असतात. अॅल्युमिनियमसारख्या मऊ धातूत हे फार होतं. तिथे ब्लास्टिंग किंवा मशिनिंगनंतर अॅसिडने हलकं एचिंग करून तोंडं उघडावी लागतात.

मग तेल, ग्रीस, मार्करची शाई, हाताचा घाम. क्लीनर मारा, पुसा, पुन्हा मारा, पुन्हा पुसा. फक्त वेल्ड नव्हे, वेल्डच्या दोन्ही बाजूंना किमान २५ मिलिमीटरची पट्टीही तितकीच स्वच्छ हवी. पेंटच्या दुकानातलं थिनर चालतं असं कोणीतरी सांगेलच. चालत नाही. त्याचा मागे काय थर राहतो ते कोणालाच ठाऊक नसतं. शिवाय स्टेनलेसला क्लोरीन चालत नाही; ऑस्टेनिटिक म्हणजे ३०४ सारखं स्टेनलेस क्लोराइडमुळे ताणाखाली तडकतं. म्हणून अशा जॉबला वापरायच्या पेनिट्रंट, क्लीनर आणि डेव्हलपरच्या प्रत्येक बॅचचं क्लोरीन-फ्लोरीनचं सर्टिफिकेट मागायचं असतं. निकेलच्या मिश्रधातूंना गंधकाचं. स्टोअरवाल्याकडे ते नसेल तर आजच मागून ठेवा, क्लायंटचा इन्स्पेक्टर पहिला प्रश्न तोच विचारतो.

पुसून झालं की थांबा. फटीत शिरलेला क्लीनर उडून गेला पाहिजे, नाहीतर आत जागाच नाही आणि पेनिट्रंट वरच राहतो. पाचेक मिनिटं द्या. पावसाळ्यात कोकणपट्टीत थंड जॉबवर दमटपणा धरतो, तेव्हा ब्लोअरची गरम हवा मारा. पाणी भरलेल्या तड्यात पेनिट्रंट जात नाही.

तापमान: आपल्याकडचा खरा प्रश्न

कोडची नेहमीची मर्यादा ५ ते ५२ अंश सेल्सिअस. ही हवेची नाही, जॉबच्या पृष्ठभागाची. विदर्भात मे महिन्यात यार्डात उन्हात पडलेल्या प्लेटला हात लावून बघा. हवा ४४ अंश असेल तर धातू सहज ५२ च्या वर गेलेला असतो. तिथे पेनिट्रंट वाळतो, आणि वाळला की बाहेर येत नाही. तेव्हा कॉन्टॅक्ट थर्मामीटर लावा आणि आकडा लिहा. पटकन करायचा उपाय म्हणजे पहाटे टेस्ट करणं किंवा जॉब आदल्या दिवशी शेडमध्ये घेणं.

मर्यादेबाहेरच टेस्ट करायची वेळ आली तर त्या तापमानाला पद्धत आधी सिद्ध करून दाखवावी लागते. त्यासाठी अॅल्युमिनियमचा ठोकळा पाचशे अंशांच्या वर तापवून थंड पाण्यात बुडवतात, म्हणजे त्यावर बारीक तड्यांचं जाळं होतं. त्याचे दोन भाग करून एकावर नेहमीच्या तापमानाला आणि दुसऱ्यावर प्रत्यक्ष तापमानाला टेस्ट घेतात, आणि दोन्हींवरचे तडे सारखेच दिसले तरच पुढे जातात. नवख्याने हे स्वतःच्या जबाबदारीवर करू नये. लेव्हल ३ ला, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीच्या तपासनिसाला, विचारा.

लाल रंग आणि थांबणं

पेनिट्रंट मारताना वेल्ड आणि बाजूची पट्टी पूर्ण ओली झाली पाहिजे. नोझलसारख्या अडचणीच्या जागी स्प्रेपेक्षा ब्रशने लावा. रंग टाकीभर उडत नाही आणि पुढचं पुसणं वाचतं. वेल्डिंग आणि कास्टिंगला किमान ५ मिनिटं, फोर्जिंग, प्लेट आणि एक्स्ट्रूजनला किमान १०. जॉब १० अंशांपेक्षा थंड असेल तर दुप्पट. हे कमीत कमी आकडे आहेत. तुमच्या कंपनीच्या प्रोसिजरमध्ये जास्त लिहिलेले असतील तर तेच पाळायचे. माझं मत विचाराल तर वेल्डला १० मिनिटं द्या. चहा पिऊन या म्हणणार होतो, पण तेही नको, कारण या वेळात थर ओला राहतोय का ते बघायचं असतं. कुठे वाळताना दिसला तर पुन्हा लावा.

पुसणं: इथेच टेस्ट मरते

हा भाग सावकाश वाचा.

आधी कोरडी, धागे न सुटणारी चिंधी किंवा टिश्यू. शॉपमध्ये मिळतं ते वेस्ट कॉटन नको, त्याचे तंतू वेल्डच्या खरखरीत पृष्ठभागाला चिकटतात आणि डेव्हलपरखाली लाल रेघा होऊन दिसतात. एका दिशेने पुसा, चिंधीची घडी उलटा, पुन्हा पुसा. बहुतेक रंग असाच निघाला पाहिजे. मग नवीन चिंधीवर क्लीनरचा हलका फवारा मारा, इतका की चिंधी दमट होईल, पिळली तर थेंब पडणार नाही. तिने राहिलेला रंग पुसा.

क्लीनर थेट जॉबवर मारायचा नाही. कधीच नाही. सगळे करतात, कारण पाच सेकंदांत वेल्ड लखलखतो. पण तोच सॉल्व्हंट तड्यात शिरून आतला रंगही धुऊन काढतो, आणि उथळ तडे पहिले जातात. कोडमध्ये पेनिट्रंट लावल्यानंतर आणि डेव्हलपरच्या आधी असा मारा करायला मनाई आहे. कुठल्याही शॉपमध्ये डीपी नीट होते का, हे तुम्हाला पाच मिनिटांत कळेल: पुसताना कॅनचं तोंड जॉबकडे आहे की चिंधीकडे, तेवढं बघा.

पुसणं कधी थांबवायचं? चिंधीवर अगदी फिकट गुलाबी झाक येऊ लागली की. चिंधी पांढरी शुभ्र येईपर्यंत घासत बसलात तर जास्त पुसलंत. वेल्डच्या लहरींमध्ये थोडी गुलाबी छटा राहिली तर राहू द्या, त्यातूनही तडा ओळखू येतो. दोष धुऊन गेला तर मात्र काहीच दिसत नाही.

डेव्हलपर

पुसून झालं की वेळ न घालवता डेव्हलपर. कॅन हलवा, आतली गोळी खडखडली पाहिजे. तळाशी बसलेली पावडर मिसळली नाही तर नुसता सॉल्व्हंट उडतो. पहिला फवारा बाजूला कागदावर मारा, कॅनच्या तोंडातला गुठळा तिथेच पडू दे. मग २०-३० सेंटिमीटरवरून, हात चालता ठेवून, एक पातळ थर. किती पातळ? पोळपाटावर भुरभुरलेल्या पिठाइतका: खालचा धातू अंधुक दिसला पाहिजे. जाड थर दिला की बारीक इंडिकेशन त्याच्याखाली झाकलं जातं. फवारा ओला होऊन ओघळू लागला तर रंग पसरतो आणि रेघ होती की ठिपका, हेच कळेनासं होतं. असं झालं तर तिथेच थांबा, सगळं साफ करा आणि पहिल्यापासून सुरुवात करा. वरून दुसरा थर मारून काही सुधारत नाही.

बघणं

थर वाळतो तेव्हाच बघायला लागा. समजा नोझलच्या फिलेट वेल्डचा (कोपऱ्यातल्या वेल्डचा) शेवट, जिथे वेल्डरने आर्क तोडला तिथला खळगा. पहिल्या काही सेकंदांत मधोमध एक लाल ठिपका उठतो. मिनिटाभरात त्यातून दोन-तीन बारीक पाय फुटतात, चांदणीसारखे. पाच मिनिटांनी ते पाय एकमेकांत मिसळून वाटाण्याएवढा गोल लाल डाग होतो. सुरुवातीला बघितलंत तर तुम्हाला क्रेटर क्रॅक दिसला. दहा मिनिटांनी येऊन बघितलंत तर गोल डाग दिसेल आणि तुम्ही पोरोसिटी म्हणून मोजाल. आणि एएसएमईच्या हिशेबात या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अंतिम निकाल मात्र थर वाळल्यानंतर १० ते ६० मिनिटांच्या आत द्यायचा. उजेड किमान १००० लक्सच्या थोडा वर, म्हणजे १०० फूटकँडल. टाकीच्या आत टॉर्च धरून काम चालत असेल तर लक्समीटर लावून खात्री करा. अंदाजाने 'भरपूर उजेड आहे' असं लिहू नका.

प्रेशर व्हेसलसाठी एएसएमई सेक्शन ८, डिव्हिजन १, अपेंडिक्स ८ मधली फूटपट्टी साधारण अशी. १.५ मिलिमीटरपेक्षा मोठं इंडिकेशनच विचारात घ्यायचं. लांबी रुंदीच्या तिपटीपेक्षा जास्त असेल तर ते रेषीय, आणि विचारात घेण्याजोगं रेषीय इंडिकेशन एकही चालत नाही. गोल असेल तर ५ मिलिमीटरपेक्षा मोठं चालत नाही. आणि चार किंवा जास्त गोल इंडिकेशन्स एका ओळीत, एकमेकांपासून १.५ मिलिमीटर किंवा कमी अंतरावर असतील तर तेही रिजेक्ट. लक्षात ठेवा, मोजायचा तो लाल डाग, आतला दोष नव्हे. डाग दोषापेक्षा मोठा असू शकतो हे कोडलाही ठाऊक आहे, तरी निकाल डागावरच द्यायचा. तुमचा जॉब दुसऱ्या कोडचा असेल, पायपिंगचा किंवा स्ट्रक्चरचा, तर हे आकडे विसरून त्याचे उघडा.

या टप्प्यावर वेल्डर शेजारी येऊन उभा राहतो. "साहेब, तो तडा नाही हो, तुमचा रंग पुसायचा राहिलाय." कधीकधी त्याचं बरोबर असतं. अंडरकटची (वेल्डच्या काठाला पडलेल्या खाचेची) कड, बोटाचा ठसा, पडलेला थेंब, नोझलच्या थ्रेडमध्ये अडकलेला रंग, हे सगळं लाल दिसतं. वाद घालू नका. क्लीनरने दमट केलेल्या बोळ्याने तेवढाच डाग एकदा हलक्या हाताने टिपा, वाळू द्या, पुन्हा पातळ डेव्हलपर मारा आणि दोघेही तिथेच उभे राहा. डाग त्याच जागी, त्याच आकारात परत आला तर आतून रंग येतोय. नाही आला तर पृष्ठभागावरचा होता, असं बहुधा धरता येतं. तरीही शंका राहिली तर ती जागा साफ करून पूर्ण टेस्ट पुन्हा करा.

नजर किती महत्त्वाची, यासाठी १९ जुलै १९८९ ची घटना माहीत असावी. अमेरिकेत सू सिटी इथे युनायटेड एअरलाइन्सचं फ्लाइट २३२, एक डीसी-१० विमान, शेपटीकडच्या इंजिनातली टायटॅनियमची फॅन डिस्क फुटल्याने कोसळलं आणि शंभराहून जास्त माणसं गेली. तपासात कळलं की फॅटिग क्रॅक (वारंवार ताण पडून वाढणारा तडा) धातूतल्या जुन्या दोषापासून वाढत आला होता. ७६० उड्डाणांपूर्वी त्या डिस्कची फ्लुरोसंट पेनिट्रंटने तपासणी झाली होती, आणि तेव्हा तडा पृष्ठभागावर जवळपास अर्धा इंच होता. तुटलेल्या पृष्ठभागावर पेनिट्रंटचे अवशेषही सापडले. म्हणजे द्रव तड्यात शिरला होता, पण तडा कोणाच्या नजरेत आला नाही. तपास अहवालाने बोट ठेवलं ते तपासणी करणाऱ्या माणसाच्या मर्यादांचा पुरेसा विचार न करण्यावर. सलग वीस नोझल ठीक निघाले की एकविसाव्याकडे डोळे नुसते फिरतात. म्हणून मध्ये थांबा, आणि वेल्डचा प्रत्येक भाग घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे, बारापासून बारापर्यंत, ठरवून बघा.

दुरुस्ती आणि नोंद

तडा निघाला तर ग्राइंड करून काढायचा, आणि काढला गेला हे पुन्हा डीपी करून बघायचं, वेल्ड भरण्याआधी. ही मधली टेस्ट गाळली जाते आणि अर्धा तडा नव्या वेल्डखाली गाडला जातो. वेल्ड भरण्याआधी त्या जागेचा पेनिट्रंट आणि डेव्हलपर पूर्ण धुवा. राहिलेल्या रंगामुळे नव्या वेल्डमध्ये पोरोसिटी येते आणि मग दोष कोणाचा यावर भांडण होतं. भरून झालं की पुन्हा टेस्ट.

रिपोर्टमध्ये जॉब नंबर, वेल्ड नंबर, प्रोसिजर नंबर, तिन्ही कॅनचे बॅच नंबर आणि मुदत, पृष्ठभागाचं तापमान, उजेड, थांबण्याचे वेळ, आणि इंडिकेशनचा स्केच. स्केचमध्ये एखाद्या ठरलेल्या बिंदूपासूनचं अंतर लिहा. 'उजव्या बाजूला' लिहिलं तर टाकी फिरवल्यावर उजवं डावं होतं. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, आणि तो दहाव्या मिनिटाचा आहे की दुसऱ्या, हेही लिहा.

आग आणि श्वास

या कॅनमधला सॉल्व्हंट आणि फवाऱ्याचा गॅस, दोन्ही बहुधा पेट घेणारे असतात. शेजारी गॅस कटिंग किंवा ग्राइंडिंग चालू असेल तर आधी ते थांबवा. टाकीच्या आत काम असेल तर एन्ट्री परमिट, बाहेर उभा माणूस आणि आत हवा फेकणारा ब्लोअर, हे तिन्ही हवेत. सॉल्व्हंटची वाफ हवेपेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी साठते, आणि तळाच्या नोझलची टेस्ट करताना तुमचं नाक नेमकं तिथेच असतं. हातमोजे घाला. कॅन उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका.

सर्टिफिकेट आणि सही

एनडीटीत लेव्हल १, २ आणि ३ असे टप्पे असतात. भारतात आयएस १३८०५ प्रमाणे प्रमाणपत्रं मिळतात. इंडियन सोसायटी फॉर नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग ही संस्था, मुख्यालय चेन्नईत, तिचे चॅप्टर मुंबई-पुण्यातही आहेत. बऱ्याच शॉपमध्ये एसएनटी-टीसी-१ए ही अमेरिकन मार्गदर्शक पद्धत चालते. त्यात सर्टिफिकेट देणारा मालक असतो, त्यामुळे नोकरी बदललीत की ते आपोआप नव्या ठिकाणी लागू होत नाही. नव्या कंपनीने पुन्हा द्यावं लागतं. दोन्हीकडे जवळच्या नजरेची वर्षाला चाचणी लागते आणि रंग ओळखण्याचीही परीक्षा असते. लाल-हिरव्यात गोंधळ होत असेल तर लपवू नका, आधीच सांगा.

लेव्हल १ चा माणूस लेखी सूचनेप्रमाणे टेस्ट करतो, पण इंडिकेशनचा अर्थ लावून निकाल देणं हे लेव्हल २ चं काम. डिस्पॅचच्या संध्याकाळी गाडी गेटवर उभी असताना कोणीतरी रिपोर्ट पुढे सरकवून "तूच कर रे सही" म्हणेल. तुम्ही लेव्हल १ असाल तर 'टेस्ट केली' या रकान्यात सही करा, 'इव्हॅल्युएशन' चा रकाना मोकळा ठेवा आणि लेव्हल २ ला फोन लावा.